ब्याण्णव कोपरं

“काका, उठा हो. लोक बघायलेत.”

सटवाजी उठले नाहीत. वडेश्वराच्या देवळासमोरच्या तापलेल्या फरशीवर ते पालथे पडले होते आणि डोळे घट्ट मिटून कोपरांवर पुढे सरकत होते. उजवं कोपर टाकायचं, मग डावं, मग अंग ओढून घ्यायचं. ओठ हलत होते. “एक्केचाळीस... बेचाळीस...”

धम्मानंद त्यांच्या बाजूनं वाकून चालत होता. हातातला गुंडाळलेला नकाशा त्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर सावलीला धरला होता. पोरगा ताडकळसचा, सव्वीस वर्षांचा. देवळापुढं नवं महाद्वार उभं राहत होतं आणि त्या कंत्राटदाराकडे तो इंजिनिअर होता. आपल्या आजोबांच्या वयाचा माणूस, आणि तोही आपल्यातला, भर दुपारी देवळापुढं असा सरपटतोय हे त्याला बघवत नव्हतं.

“काका, मी पाया पडतो तुमच्या. आपल्या मान्सानं असं जमिनीवर लोळावं, ह्यासाठी का बाबासाहेबांनी—”

“गप ऱ्हाय. मोज चुकंल. एक्कावन्न...”

पाथरीहून जीपनं आलेल्या बायांचा घोळका दर्शन घेऊन बाहेर पडत होता. त्यातली एक पुढे आली, परडीतलं झेंडूचं फूल काढलं आणि सटवाजींच्या पाठीवर हळूच ठेवलं. जमिनीला हात लावून तिनं नमस्कार केला.

“कशाचा नवस हाय बाबांचा?”

“नवस न्हाई मावशी. मोरी हुडकायलेत ते.”

“असं म्हनू ने लेकरा,” बाई म्हणाली. “दुसऱ्याच्या भक्तीला हसू ने.”

सटवाजींना हसू आलं असतं, पण हसलं की मोज चुकते. ते सरकत राहिले. पाठीवरचं फूल कधीतरी घरंगळून पडलं. ब्याण्णव म्हणून ते थांबले, डोळे उघडले, तर नाकासमोर पांढऱ्या फक्कीची फुली. महाद्वाराचा डावा खांब जिथं यायचा, तिथली.

“हितंच,” सटवाजी म्हणाले. “तिसरं कुंड ह्याच्याच खाली हाय.”

सुपरवायझर छत्रीखाली उभा होता. “आजोबा, आख्खं मैदान सोडून बरुब्बर आमच्या फुलीवरच कुंड निघालं व्हय? का मागच्या जन्मी आमीच वैर केलं व्हतं तुमच्याशी?”

ओट्यावरून व्यंकटरावबुवांचा आवाज आला. देवळाची कीर्तनसेवा पिढीजात त्यांच्या घरात. सत्तरी उलटली, तरी आवाज असा की मागच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही आपलं नाव घेतल्यासारखं वाटावं. “पस्तीस वर्षं हा माझ्या पायाखालून सरकलाय. सटवाजी म्हणतो तिथे कुंड आहे म्हणजे आहे. खांब मागे घ्या. ट्रस्टला मी सांगतो.”

बुवांचा शब्द मोडणं जड. सुपरवायझरनं जुनी फुली पायानं पुसली आणि देवळाकडे सात हात सरकवून नवी मारली.

आमचं वडेश्वर टेकाडावर आहे. माथ्यावर देऊळ, उतारावर पेठ आणि सगळ्यांत खाली, गोदावरीच्या काठाला, भीमनगर. टेकाडावरचं पावसाचं पाणी, गोमुखातून निघणारं अभिषेकाचं पाणी, बारवेचं ओसंडलेलं पाणी, सगळं फरशीखालच्या दगडी मोरीतून नदीला जातं. मोरी कुणी बांधली हे कुणी सांगू शकत नाही. देऊळ ज्यांनी बांधलं त्यांनीच बांधली असणार, कारण दगड तोच आणि चिरे बसवायची तऱ्हाही तीच. दोन्ही अंगाला काळ्या दगडाच्या भिंती, वर जाड तक्ते, आणि उंची एवढीच की माणसानं पोटावर जावं. वाटेत सात कुंडं. टेकाडावरून पाणी धावत येतं, कुंडात गोल फिरतं, गाळ खाली टाकतं आणि शांत होऊन पुढे निघतं. तिसऱ्या कुंडापाशी मोरी डावीकडे वळते. तो वळण घेणारा दगड इतका गुळगुळीत आहे की, सटवाजी सांगायचे, अंधारात हात लागला की लहान लेकराचा गाल वाटतो.

मोरीचा गाळ काढायचं काम सटवाजींच्या घराकडं होतं. छप्पन सालानंतर त्यांच्या वडिलांनी गावाची येसकरकी सोडली, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, जोहार घालायचा सोडला. घरात बुद्ध आला. मोरी मात्र त्यांनी सोडली नाही. “देवासाठी न्हाई करत,” ते म्हणायचे. “मोरी तुंबली तर पयलं पानी आपल्याच चुलीत शिरतंय.” त्र्याऐंशी साली ते अंथरुणाला खिळले, सटवाजी साखर कारखान्यावर होते, मोरी तशीच राहिली. एका दुपारी टेकाडाचं सगळं पाणी भीमनगरात उतरलं. बायनाबाईचं पाळण्यातलं पोर त्यात गेलं. त्या दिवशीच्या पाण्याचा डाग विहाराच्या भिंतीवर अजून आहे. दोनदा रंग दिला, पण तेवढा पट्टा सोडून. सटवाजी कारखाना सोडून आले ते पुन्हा गेले नाहीत.

मोरीचा वरचा टप्पा सभामंडपाखालून जातो. मृगाआधी देवळात सप्ताह बसतो आणि गाळही तेव्हाच काढायचा. म्हणजे वर कीर्तन उभं आहे आणि खाली सटवाजी घमेलं ओढतायत. खालून शब्द कळत नाहीत. पखवाज मात्र दगडातून उतरतो तो थेट बरगडीत, आणि टाळांनी साचलेल्या पाण्यावर शहारा येतो. कीर्तन कानानं ऐकणारे पुष्कळ असतात; पाठीनं ऐकणारा आमच्याकडे हा एकच. बाहेर आले की बुवांना म्हणायचे, “काल गजर लय लौकर आवरला की तुमी. मी आजून दुसऱ्याच कुंडापशी व्हतो.” आणि बुवा खरंच दुसऱ्या दिवशी गजर लांबवायचे.

मग यायचा काल्याचा दिवस. काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, की मंडपात सांडलेल्या लाह्या घागरी ओतून मोरीत सोडायच्या. खाली, नदीकाठच्या तोंडाशी सटवाजींनी पाण्यात हात धरून बसायचं. लाह्या हाताला लागल्या की हाक द्यायची, “आलं हो ऽऽ!” ती हाक वर पोचल्याशिवाय आरती होत नसे. ज्यांना एके काळी पायरी चढू देत नव्हते त्यांच्या हाकेसाठी सगळं देऊळ हात जोडून थांबायचं. रिवाज कुणी घातला ठाऊक नाही. ज्यानं घातला त्याला देवाइतकंच पाणीही कळत होतं, एवढं खरं.

सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि सटवाजींचं आत जाणं बंद झालं. दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं. एकुलती एक मुलगी सुकेशनी सेलूला मास्तरीण झाली; तिला आपण मोरीचं तोंडसुद्धा दाखवलं नाही, याचा सटवाजींना अभिमान होता. लाह्या खाली यायच्या, पण दर वर्षी थोड्या उशिरा.

यंदा महाद्वार निघालं. खांबासाठी यंत्रानं खोल भोक पाडायचं आणि त्यात काँक्रीट ओतायचं, हे कळलं तसे सटवाजी टेकाड चढून धम्मानंदकडे गेले होते. “म्या खालून आत जातो. तिसऱ्या कुंडात पहारीनं ठोकतो. तू वर कान लाव, जागा कळंल.”

धम्मानंद ताडकन उठला होता. “मान्साला मोरीत उतरवायचं न्हाई, कायदा हाय काका. अन् कायदा नस्ता, तरी म्या तुमाला उतरवलं नस्तं. वरूनच दावा.”

वरून दाखवायचं कसं? सटवाजींनी ती जागा वरून कधी बघितलीच नव्हती. त्यांना ती ठाऊक होती कोपरांनी. गोमुखापासून सरळ ब्याण्णव कोपरं.

*

“देवळाम्होरं लोटांगन घातलं म्हनं,” चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी सटवाजींचे दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि सोललेल्या कोपरांना हळद-तेल लावत होत्या. “फुलं बी वाहिली लोकांनी. आता मी ववाळू का आरती?”

“ववाळ की. परसाद काय देतीस?”

“मार.”

सटवाजी हसले. उन्हं कलली होती. जागा दाखवून झाली होती, खांब सरकला होता. पुष्कळ दिवसांनी त्यांना भूक लागली होती. तेलाच्या बाटलीचं झाकण चांगुणाबाईंच्या हातातून सुटलं आणि खाटेखाली गेलं.

“ऱ्हाऊ दे, मी काढतो,” म्हणून ते ओणवे झाले आणि सवयीनं कोपरांवर खाटेखाली शिरले. लोखंडी पट्ट्या पाठीला घासल्या. एक कोपर टाकलं. दुसरं टाकलं. आणि तिथंच थांबले.

“काय झालं? अडकलाव का?”

सटवाजी खाटेखाली आपल्याच दोन कोपरांकडे बघत होते. मग ते मागे सरकत बाहेर आले आणि उघड्या जमिनीवर पुन्हा पालथे पडले. एक कोपर टाकलं, दुसरं टाकलं. बोटं आडवी धरून मोजलं.

“दोन बोटं,” ते म्हणाले.

“काय दोन बोटं?”

“खाली पाठीवर दगूड असतो. कोपर लांब पडतच न्हाई. आज वर पाठीला कायबी नव्हतं, चांगुने. मोकळं व्हतं. दर कोपराला दोन बोटं जादा पडलं.”

“मंग?”

“ब्यान्नव कोपराला—” त्यांनी बोटांवर मोजलं. चार-चार बोटं करत, वीत, हात. तीनदा मोजलं. तीनदाही सातच हात आले.

“त्यांचा खांब पयलाच बरुबर व्हता,” सटवाजी म्हणाले. “म्या सात हात मागं घ्याला लावला. तितंच कुंड हाय.”

चपला न घालता ते निघाले. एकशे चौदा पायऱ्या. मध्ये पेठेत कुणीतरी “काय सटवाजी, नवस फिटला का?” म्हणून विचारलं.

वर यंत्राचा आवाज नव्हता. नव्या फुलीच्या जागी ओल्या काँक्रीटचं वर्तुळ होतं, त्यातून सळया वर आलेल्या. सुपरवायझर चहा पीत होता.

“या आजोबा, या! जागा काय दिली हो तुमी! आठ फुटावर बरमा गपकन खाली बसला. पोकळच लागलं. मंग माल वतायलोत, वतायलोत, भोक भरंचना. दोन गाड्या जादा पिली तुमच्या जागेनं.”

धम्मानंद सळया आणायला पाथरीला गेला होता, तो नुकताच परतत होता. त्यानं सटवाजींचं तोंड बघितलं. मग ते वर्तुळ बघितलं. डोक्यावरचा पिवळा टोप त्यानं काढला आणि कुठं ठेवावा हे न सुचून दोन्ही हातांत धरून राहिला.

“काढता येतंय का बाबा ते?” सटवाजींनी विचारलं.

“खांब काढता येईल काका. पन आत वाहून गेलेला माल...” तो थांबला. “मोरीत कुठवर जाऊन बसला आसंल, कोन सांगणार?”

“मी आत जातो. बघून येतो.”

“न्हाई.”

“आरं, माजी चूक हाय ती!”

“तुमची न्हाई,” धम्मानंद म्हणाला. “तुमी म्हनला व्हता, खालून ठोकतो म्हनून. मीच न्हाई म्हनलो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं कंत्राटदाराला पत्र लिहिलं. काम थांबवावं, खाली जुनी मोरी आहे. उत्तर फोनवरच आलं. मोरी कुठल्याही नकाशात नाही. जी नाही ती तुंबेल कशी? पावसाच्या पाण्याचे नळ दुसऱ्या टप्प्यात आहेत. उद्घाटन काल्याच्या दिवशी ठरलंय, तोवर खांब उभे पाहिजेत.

*

काल्याच्या दिवशी सटवाजी नेहमीसारखे नदीकाठी मोरीच्या तोंडाशी जाऊन बसले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. टोपी चांगुणाबाईंनी झटकून दिली होती.

मोरीच्या तोंडातून उन्हाळ्यातसुद्धा गार वारा यायचा. वरून आत शिरलेली हवा सातही कुंडांवरून थंड होत खाली यायची; भीमनगरातल्या म्हाताऱ्या दुपारी तिथं येऊन बसायच्या. सटवाजींनी गाल तोंडाशी नेला. वारा नव्हता.

वर बुवांचं कीर्तन रंगलं होतं. भोंग्यातून शब्द न् शब्द ऐकू येत होता. गोपाळांनी आपापली शिदोरी एकत्र कालवली आणि देवानं कुणाची उष्टी न म्हणता खाल्ली, हे निरूपण बुवा दर साली करतात आणि दर साली त्यांचा कंठ त्याच ठिकाणी दाटतो. हंडी फुटल्याचा कल्लोळ झाला. मग बुवा म्हणाले, “घागरी सोडा.”

सटवाजींनी हात मोरीत घातला.

धम्मानंद पायऱ्या उतरून आला आणि शेजारी दगडावर बसला. वर गजर सुरू झाला. एरवी दहा-बारा आवर्तनांत लाह्या यायच्या. बारा झाली. वीस झाली. बुवांनी लय चढवायची ती उतरवली. टाळ सावकाश पडायला लागले. ते पाण्याला वेळ देत होते. चाळीस वर्षं द्यायचे तसाच. पखवाज्याचा हात भरून आला असणार, थापा जड ऐकू येत होत्या.

“काका,” धम्मानंद हळूच म्हणाला, “हाक मारून टाका. वर उन्हात लेकरं-बाळं थांबलेत. कोनाला कळनार हाय?”

“पान्याला कळंल.”

“पन—”

“मी हाक मारली तर मोरी चालू हाय म्हनून आरती व्हईल. मंग कुनी वाकून बघायचंच न्हाई.” सटवाजींचा हात कोरड्या दगडावर उताणा पडला होता. “न्हाई मारली, तर निदान बुवा इचारतील.”

“मंग ते घागरीचं पानी गेलं कुठं?”

“आत बसलंय. दम धरून.”

वर गजर थांबला. भोंग्यातून नुसती माणसांची कुजबुज. बुवांचा आवाज आला, थकलेला. “खालून हाक येऊ द्या. घाई करू नका. सटवाजी, अरे—” आणि तेवढ्यात खरखर झाली, माइक दुसऱ्या हातात गेला. नवा, खणखणीत आवाज. “भाविकहो, खालून हाक आलेली आहे! उद्घाटनाचे पाहुणे खोळंबले आहेत, आरतीला सुरुवात करू या.”

घंटा वाजायला लागल्या.

सटवाजी उठून उभे राहिले. “न्हाई आलं!” ते ओरडले. “आलं न्हाई हो ऽऽ!” वर झांजा, नगारा, फटाके. त्यांनी पुन्हा हाक दिली. चाळीस वर्षं एकच शब्द वर पाठवलेला तो गळा; दुसरा शब्द त्याला पेलत नव्हता. तिसऱ्या हाकेला आवाज फाटला आणि ते खोकत खाली बसले. आरतीत बुवांचा आवाज नव्हता, एवढं दोघांनाही ऐकू आलं.

*

मृगाला चार दिवस उरले होते. आभाळ धुतल्या पाटीसारखं स्वच्छ. सकाळी चांगुणाबाईंनी खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या, मग पिठाचा डबा कुठं ठेवावा म्हणून त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

“कुठवर येईल?” त्यांनी विचारलं.

सटवाजी धम्मानंदला बोलावून आले. त्यानं गवंड्यांची पाण्याची नळी आणली. लांब, आरपार दिसणारी. आत पाणी भरायचं, दोन माणसांनी दोन टोकं धरायची, दोन्हीकडं पाणी एका पातळीत उभं राहतं. एक टोक सटवाजींनी विहाराच्या भिंतीवरच्या त्र्याऐंशीच्या डागाला लावलं. दुसरं टोक घेऊन धम्मानंद घरात गेला. पाणी हललं, थांबलं. सटवाजींनी आपलं टोक एका पोराच्या हाती दिलं आणि आत येऊन तिथं खडूनं रेघ ओढली. त्यांच्या स्वतःच्या कमरेच्या वर, छातीच्या खाली. चांगुणाबाईंनी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर कोनाड्यातून उचलली, पदरानं पुसली आणि रेघेच्या वर खिळा ठोकायला जागा शोधू लागल्या.

शेजारच्या सरजाबाईंनी दारातून बघितलं. “ढगाचा पत्त्या न्हाई अन् तुमचं काय चालूय?” त्या हसल्या. मग रेघ दिसली आणि त्यांचं हसू तिथंच राहिलं. “आमच्या घरात बी वढून द्या मंग,” त्या म्हणाल्या.

असं एकेक करत दुपारपर्यंत भीमनगरातली एकोणतीस घरं झाली. कुठं रेघ कमरेला आली, कुठं गळ्याला. पोरं आपापली उंची रेघेशी लावून बघत होती. बायका फळ्या धुवत होत्या, गाठोडी वर चढवत होत्या. कुणी सटवाजींना दोष दिला नाही. सरजाबाईंनी उलट चहा आणून दिला. तो निवला तरी त्यांच्या हातातच होता.

बायनाबाईंचं घर शेवटचं, सगळ्यांत खाली. आता साठी उलटलेल्या, एकट्या. दोघं नळी घेऊन आत आले तेव्हा त्या चुलीपाशी बसल्या होत्या. धम्मानंदनं टोक भिंतीला धरलं. सटवाजींनी दुसरं टोक आधीच्या घरात नेऊन तिथल्या रेघेला लावलं, ते एका पोक्त माणसाच्या हाती दिलं आणि खडू घेऊन परत आत आले. नळीतलं पाणी वर चढलं, अजून चढलं, हिंदकळलं आणि उभं राहिलं. सटवाजींच्या कपाळाइतकं.

बायनाबाईंनी मान वर करून त्या पाण्याकडे बघितलं.

“सटवाजीभाऊ,” त्या म्हणाल्या, “माज्या घरात जरा खाली वढा की.”

धम्मानंदनं मान वळवली. सटवाजींनी नळीकडे पुन्हा एकदा बघितलं. पाणी जागचं हललं नव्हतं. त्यांनी खडू उचलला, सोललेलं कोपर भिंतीला टेकवलं आणि पाणी जिथं होतं तिथंच रेघ ओढली.